पायांतले रक्त वर कसे चढते?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. दिवसाचे पाच-सहा तास फळ्यापुढे उभे राहण्यात जातात आणि संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. गेल्या वर्षापासून डाव्या पोटरीवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागल्या आहेत. हृदय रक्त खाली ढकलते हे कळते. पण तळपायापासून ते पुन्हा वर कोण आणते?

उत्तर : विश्रांतीच्या स्थितीत हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत, सोडते. तेथे सरासरी ९५ मिलिमीटर पाऱ्याइतका असलेला दाब सूक्ष्म रोहिणींमधून (रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी) जाताना झपाट्याने उतरतो. त्यांच्या भिंतींतील स्नायू आकुंचन पावून वाट अरुंद करतात, आणि वाहिनीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली वाहणारे रक्त जवळपास सोळाव्या हिश्श्यावर येते. केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांत शिरताना ३५च्या आसपास असलेला दाब तेथून बाहेर पडताना १५च्या घरात आलेला असतो. तो असा उतरणे गरजेचेच आहे, कारण केशवाहिनीची भिंत एका पेशीइतकीच जाड असते आणि दाब चढा राहिला तर रक्तातील पाणी तिच्यातून सतत बाहेर झिरपत राहील.

एवढ्याशा दाबावर रक्त सव्वा मीटर वर कसे चढते, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पायांतले रक्त विहिरीतल्या पाण्यासारखे शेंदून काढावे लागते, हे मनातले चित्र अर्धेच खरे आहे. गवंडी लेव्हल काढण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती आठवून पाहावी. तिच्या दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांना तोलून धरते. त्याचप्रमाणे रोहिणींतून खाली येणाऱ्या रक्ताचे वजन नीलांतून, म्हणजेच आपण ज्यांना शिरा म्हणतो त्यांतून, वर जाणाऱ्या रक्ताला तोलून धरते. रक्तवाहिन्या लोखंडी नळांसारख्या ताठ असत्या, तर उभे राहिल्याने अभिसरणात फारसा फरक पडलाच नसता.

अडचण येते ती नीलांच्या मऊ भिंतींमुळे. त्या पातळ आणि सहज ताणल्या जाणाऱ्या असल्याने उभे राहताच फुगतात आणि सुमारे अर्धा लिटर रक्त कमरेखाली साठते. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत दाब सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. मग केशवाहिन्यांतून पाणी ऊतींत उतरते आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटू लागतो. कवायतीत बराच वेळ सावधान उभा असलेला जवान कोसळतो, त्याचे कारणही बव्हंशी हेच आहे. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले की मेंदूला पोहोचणारे रक्तही कमी पडते.

ही कोंडी पोटरीचे स्नायू फोडतात. पाऊल उचलताना ते आवळले जातात, त्यांच्यामधील खोल नीला पिळल्या जातात आणि रक्त वरच्या दिशेने सरकते. खाली ते परतू शकत नाही, कारण नीलांमध्ये ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. चालू लागल्यावर काही पावलांतच घोट्याजवळचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास येतो. श्वास आत घेताना छातीतला दाब घटतो आणि पोटातला वाढतो, त्याचीही मदत होते. म्हणून आपल्या त्रासाचे खरे कारण उभे राहण्यापेक्षा न हलता उभे राहणे हे आहे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

या झडपा वर्गात दाखवता येतात. हाताच्या पुढच्या भागावर उठून दिसणारी एखादी लांब शीर निवडावी. मनगटाकडच्या बाजूस एका बोटाने ती दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तेथून कोपराकडे रक्त पुसत न्यावे. दुसरे बोट उचलले तरी वरच्या झडपेपर्यंतचा तुकडा रिकामाच राहतो. पहिले बोट उचलताच तो खालून भरतो. इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८च्या ग्रंथात याच पद्धतीने नीलांतील रक्त हृदयाकडेच वाहते हे दाखवले. इटलीतील पादुआ येथील त्यांचे गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले होते, पण त्यांचे प्रयोजन त्यांच्या ध्यानात आले नव्हते. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वे यांना कधीच दिसल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीचे शास्त्रज्ञ माल्पिगी यांनी त्या बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

पोटरीवरच्या शिरा फुगतात तेव्हा बहुधा त्वचेखालील नीलांच्या झडपा नीट मिटत नसतात. आनुवंशिकता, गरोदरपण, वाढलेले वजन आणि दीर्घकाळ उभे राहणे यांचा त्यात वाटा असतो. शिकवताना वर्गात फेऱ्या माराव्यात, फळ्यापुढे असताना अधूनमधून टाचा उचलाव्यात, आणि घरी आल्यावर पाय हृदयाच्या पातळीहून उंच ठेवून पडावे. घट्ट पायमोजे उपयोगी पडतात, पण पायांच्या रोहिणींतील प्रवाह ठीक आहे हे डॉक्टरांनी तपासल्यावरच ते घालावेत. एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागली तर खोल नीलेत गुठळी झाल्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत धाप लागत असेल तर क्षणभरही थांबू नये.

प्रश्न : शिरा निळ्या दिसतात, म्हणजे त्यांतील अशुद्ध रक्त निळे असते का?

उत्तर : नाही. त्यातील रक्तही लालच असते; ऑक्सिजन कमी झाल्याने त्याची छटा गडद होते, एवढेच. लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेतील रक्तात बराचसा शोषला जातो, तर निळा प्रकाश वरच्या थरांतूनच परततो. त्यामुळे भोवतालच्या त्वचेच्या तुलनेत शीर निळसर, आणि सावळ्या त्वचेवर पुष्कळदा हिरवट दिसते. ‘अशुद्ध’ हा शब्दही मला खटकतो, कारण त्या रक्तात ऑक्सिजन उरलेलाच नसतो असे नाही: विश्रांतीच्या वेळी शरीर रोहिणींतून आलेल्या ऑक्सिजनचा साधारण चौथा हिस्साच वापरते. तपासणीसाठी दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त काढतात, तेव्हा सिरिंजमध्ये भरणारा गडद लाल रंग आपण स्वतः पाहू शकता.