प्रेसनोट बाजूला ठेव, एमबी माग

परवाची तुझी रस्त्याची बातमी वाचली. नारळ फुटला, मान्यवर आले, फोटोही झकास. पण डांबराचा थर किती जाडीचा, ते कुठंय? ते प्रेसनोटमध्ये नसतं रे, मोजमाप पुस्तिकेत असतं. एमबी म्हणतात तिला. माहिती अधिकारात माग. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा, विषय एकच. मी पहिल्या अर्जात चार विषय कोंबले आणि महिना फुकट घालवला. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर थेट पहिलं अपील.

कागद मिळाला म्हणून लगेच छापायला धावू नकोस. पट्टी घेऊन रस्त्यावर जा, कडेला मोजून बघ. अभियंत्याची बाजूही घे.

कागदाची ताकद बघायची तर जुनं उदाहरण घे. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. बिल्डरांना मिळालेला कोटा आणि अंतुल्यांच्या ट्रस्टला गेलेल्या देणग्या यांचा धागा अरुण शौरींनी १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये कागदपत्रांनिशी जोडला. प्रकरण कोर्टात गेलं, जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. नुसत्या कुजबुजीवर हे झालं नसतं.

जाहिरात बंद करू, असा फोन येईलच. तालुक्याच्या पेपरला ते झोंबतं, पगार त्यातूनच निघतात. म्हणून वर्गणीदार जप, अगदी दोनशे असले तरी.

सोमवारी ये, अर्जाचा नमुना देतो. स्टॅम्प तेवढा तू आण.