पाऊस लागला की पोटात दुखतं

‘प्रिय मावशी,
आम्ही चिपळूणचे. २०२१ च्या पुरात आमच्या घरात माळ्याच्या दोन पायऱ्या राहिल्या, एवढं पाणी चढलं होतं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, आता नऊ. पावसाळा सुरू झाला की तो अंथरूण ओलं करतो. शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. टबात गाड्या बुडवत बसतो, सासूबाई म्हणतात असलं अभद्र खेळू नये. त्या दृष्ट काढतात. हे म्हणतात, मुलासारखा मुलगा आणि घाबरतोस काय! ते स्वतः रात्री दोनतीनदा बॅटरी घेऊन नदीकडे पाणी बघून येतात, पण ते ठीक आहेत. त्या रात्री ते दुकानातला माल वर टाकायला म्हणून गेले आणि तिकडेच अडकले, दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवत आले. त्याबद्दल अजून एक शब्द बोललेले नाहीत. मुलाला वेड्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल का?’

बाळ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या बॅटरीपाशी अडकले. ‘पण ते ठीक आहेत’ असं तू लिहिलंस. बरं.

आता त्या रात्रीकडे लेकाच्या बाजूने बघ. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. वाशिष्ठी वर आली, शिवनदी वर आली, खाली भरतीने खाडी तुंबलेली. लाईट गेले, फोन गेले. पाच वर्षांचं पोर माळ्यावर काळोखात बसलेलं, आणि बाबा बॅटरी घेऊन गेलेले. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलेच नाहीत. त्याला पाण्याची भीती आहेच, पण माझा संशय वेगळा आहे. पाऊस लागला की बाबा बॅटरी घेऊन जातात आणि मग येत नाहीत, हे त्याच्या अंगात बसलंय. शाळेच्या वेळेला पोटात दुखतं, कारण शाळेत गेला तर घरातलं माणूस राखणार कोण? तो नाटक करत नाही, पोटात खरंच दुखतं. भीती पोटातच उतरते, मोठ्यांच्याही.

आणि आता दर पावसाळ्यात तेच बाबा, तीच बॅटरी, रात्री दार उघडल्याचा आवाज.

मी १९९३ च्या भूकंपानंतर काही महिने किल्लारीच्या भागात होते. माणसं धडधाकट खोली सोडून थंडीत बाहेर पत्र्याखाली निजायची. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली होती, म्हणून त्या वेळेला आपोआप जाग यायची. पोरं दगडांची घरं रचून पाडायचा खेळ खेळायची. वेडं कुणीच नव्हतं. तुझ्या लेकाचा टबातला खेळ तोच आहे, तो बंद करू नको. फक्त जवळ जाऊन बस. रोज सगळ्या गाड्या बुडूनच खेळ संपत असेल तर एखाद दिवशी विचार, ‘होडी कुठून येईल रे?’ उत्तर त्यालाच शोधू दे. पण त्याला समोर बसवून ‘सांग, त्या रात्री काय झालं’ असं उकरू नको. आपत्तीनंतर माणसाकडून सगळं एका बैठकीत वदवून घेण्याची पद्धत पूर्वी होती. तिने फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती नको म्हणते.

बोलायचं असेल तर त्याच्या बाबांनी बोलावं. फार नाही. ‘मी दुकानाच्या पोटमाळ्यावर होतो, फरसाण खाल्लं, तुझी आठवण येत होती, पाणी उतरल्यावर निघालो,’ एवढं. मुलाच्या डोक्यात तेवढ्या वेळाची जागा रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेत मुलं नेहमी वाईटातलं वाईट भरतात. पण ह्यांनाही ढकलू नको. बोलताना हात कापायला लागले, छातीत धडधडलं, तर तिथेच थांबायचं.

‘पाणी येणार नाही’ असं वचन मात्र कुणी देऊ नका. चिपळूणच्या मुलाला हे सांगून उपयोग नाही. २००५ ला आलं, २०२१ ला आलं, ते त्याने आजीच्या तोंडून ऐकलंय. आलं तर आपण काय करणार, ते सांगा. पिशवीत काय भरायचं, कोणाच्या वरच्या मजल्यावर जायचं, कोणत्या रस्त्याने. आणि माल भिजला तर भिजला, बाबा ह्या वेळी आपल्याबरोबरच असणार. हे शेवटचं ह्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि पाळायचं. दुकानदाराला हे जड जाईल, मला कळतंय. माल आधीच वर ठेवला तर थोडं सोपं जाईल. पिशवीतली बॅटरी लेकाच्या ताब्यात दे, सेल तपासायचं काम त्याचं.

सासूबाईंना दृष्ट काढू दे. मीठ-मोहरीने भीती जात नाही, पण झोपण्याआधी आजी अंगावरून हात फिरवते त्याचा उपयोग होतो. अंथरुणावरून मात्र कुणी ओरडायचं नाही, चारचौघांत बोलायचं नाही. वर्गशिक्षिकांना एकदा भेट. मधल्या सुट्टीत घरी एक फोन करू दिला तर शाळेत टिकेल. पुराचे जुने व्हिडीओ दर जुलैला फोनवर फिरतात, ते त्याच्यासमोर लावू नका.

आता डॉक्टरचं. हो, जायचं. पुरानंतर महिनाभर असं झालं असतं तर मी थांब म्हटलं असतं. चार वर्षं झाली, झोप आणि शाळा दोन्ही बिघडतायत, तेव्हा घरगुती उपायांवर थांबू नको. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द आधी घरातून काढ, मुलगा ऐकतोय. सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तिथून सुरुवात कर. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. मनोरुग्णालय म्हटलं की आपल्याकडे लोक मान वळवतात, पण तिथे केसपेपर काढून दाखवून येणारी माणसं तुझ्यामाझ्यासारखीच असतात. आणि केसपेपर दोन काढायचे. झोप येत नाही म्हणून ह्यांनी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत.

ते लगेच तयार होणार नाहीत. ‘मला काय झालंय?’ म्हणतील. वाद घालू नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस खुणा कर. ज्या रात्री हे बॅटरी घेऊन उठले तिथे एक टिंब, ज्या रात्री अंथरूण ओलं झालं तिथे फुली. टिंब आणि फुली एकाच चौकोनात किती वेळा पडतात ते मोज, आणि ते पान काही न बोलता त्यांच्या हातात दे.

– मावशी