आधी यादी वाच

पोरी,

तुझा निरोप मिळाला. 2029 ला विधानसभेला उभं राहायचं म्हणतेस, आणि पहिली चौकशी केलीस ती ड्रोनने व्हिडिओ काढणाऱ्या पोराची! हसू आलं. आम्हीसुद्धा एके काळी सगळ्यात आधी जीपवरच्या भोंग्याचाच विचार करायचो.

तू आधी मतदार यादी वाच. भाग क्रमांक एकपासून, पट्टी धरून. 2024 ला राज्यात मतदारसंघ 288 आणि मतदान केंद्रं एक लाखाच्या वर. म्हणजे उमेदवाराच्या वाट्याला साडेतीनशेच्या आसपास बूथ. त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला, साकोलीचा 208 मतांनी. बूथमागे पुरतं एक मतही नाही.

यादीत वारलेली माणसं भेटतील. लग्न होऊन गेलेल्या लेकी भेटतील, आणि गावात नांदणाऱ्या सुनांची नावं मात्र त्यांच्या माहेरीच अडकलेली असतील. आम्हा पुरुषांना ओसरीवर चहा पाजून वाटेला लावतात. तू आत चुलीपर्यंत जाशील. सुनेला तिचं नाव विचार, नमुना आठ, म्हणजे पत्ता बदलायचा अर्ज, भरून घे. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचा नमुना सहा, नवं नाव चढवायचा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव चढत नाही, आणि तेव्हा तुला श्वास घ्यायलाही वेळ नसेल.

आपल्या भागाचं खरं दुखणं ऊसतोडीचं. 2019 ला मतदान 21 ऑक्टोबरला होतं, 2024 ला 20 नोव्हेंबरला. म्हणजे गेल्या वेळी मतदानाआधीच दिवाळी झाली, टोळ्या तोडीला निघाल्या, वस्त्यांवर कुलपं. गाड्या पाठवून माणसं आणू, असं सांगणारे दहा जण तुझ्याभोवती जमतील. ऐकू नकोस. उमेदवाराने मतदारांची फुकट ने-आण करणं कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतं. निवडून आलीस तरी कोर्टात आमदारकी जाईल. त्यापेक्षा उन्हाळ्यात वस्तीवर जा, माणसं घरी असतात तेव्हा. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला जाते, मुकादम कोण, पोरं कुणापाशी राहतात, हे वहीत लिही. मत मिळेल न मिळेल, आमदार झालीस तर ती वही लागेलच.

पैशाचं थोडक्यात. खर्चाची मर्यादा सध्या 40 लाख. अर्ज भरण्याआधी वेगळं बँक खातं, रोजच्या रोज नोंद, निकालानंतर 30 दिवसांत हिशेब. हिशेब न देणारा तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. हे काम नात्यातल्या माणसाला देऊ नकोस, त्याला रागावता येत नाही.

आणि पोलिंग एजंट, म्हणजे बूथमध्ये बसणारा आपला माणूस. मतदानाच्या दीड तास आधी, अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्र तपासायच्या लुटुपुटूच्या मतदानाला, जो हजर राहील आणि संध्याकाळी सतरा-सी ची, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत हातात घेतल्याशिवाय उठणार नाही, तोच एजंट. एका निवडणुकीत माझा एक गडी दुपारी जेवायला गेला तो परतलाच नाही. त्या बूथवर किती मतं पडली हे मोजणीच्या टेबलावर पडताळायला आमच्याकडे कागदच नव्हता. माणूस मीच निवडला होता, त्याच्या मिशा बघून.

ड्रोनवाल्याचा नंबर देतो, पण पुढच्या खेपेला. रविवारी सकाळी ये. तुमच्या गावाच्या यादीची छापील प्रत घेऊन ये. पट्टी आणि लाल पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
काका