पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं वायरिंग एकदम बदलायला पैसे नाहीत, आधी काय करू?

आधी अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. हा फरक बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

आमच्याही वाड्यात लाकडी पट्टीवरचं वायरिंग होतं. पावसाळ्यात मातीच्या भिंती ओल धरायच्या आणि न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. बोर्ड उघडला तर गीझरच्या सॉकेटची अर्थिंगची पिन चक्क न्यूट्रलला जोडलेली! तुमच्याकडे असं असेल तर आजच गीझर बंद करा. न्यूट्रल तुटला तर गीझरच्या पत्र्यातच करंट उतरतो.

मग गीझरसाठी वेगळी लाइन. २ किलोवॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका. किटकॅट फ्यूजमध्ये (जुना चिनी मातीचा, तार घालायचा फ्यूज) जाड तार गुंडाळली असेल तर तीही काढा. दिवे-पंख्यांचं वायरिंग खोलीखोलीने करता येईल.

काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडायला लागला तर कृपा करून तो काढून टाकू नका. करंट कुठे गळतोय ते शोधा.