फुटबॉलपटूचा 'दलाल' की 'एजंट', आणि खेळाडू 'विकला' जातो का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांच्या शाळेतली मुलं खेळाच्या बातम्यांचं भित्तिपत्रक लावतात. मागच्या भित्तिपत्रकावर तीन वाक्यं होती: 'खेळाडूच्या दलालाने जास्त पगार मागितला', 'क्लबने खेळाडू विकला' आणि 'पैशासाठी खेळाडू फुटला'. 'दलाल' या शब्दाला एका पालकांनी हरकत घेतली. सरांना तिन्ही वाक्यं खटकली. मग योग्य शब्द कोणते, आणि खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे जातो त्या 'ट्रान्सफर'ला 'बदली' चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आधी देतो. 'दलाल' नको, 'एजंट' असू द्या, पण तो कोणाचा एजंट हे दर वेळी लिहा. 'विकला' बहुतेक ठिकाणी चुकीचं आहे. 'फुटला' तर अन्यायाचं आहे. 'बदली'ही नको. आता कारणं.

'दलाल' शब्द अरबीतून आला. मुळात त्यात वाईट काही नाही. शेअर दलाल असतात, दलाल आडनावाची प्रतिष्ठित घराणी आहेत. आपल्या वऱ्हाडात तर बाजारातली ही सगळी माणसं फार जुनी. कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याची नोंद आहे. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला आणि अशा बाजारांवर देखरेखीला समित्या आल्या. म्हणजे खरेदीविक्रीत मधे उभ्या राहणाऱ्या माणसावर नियम हवेत, हे आपल्याकडे कायद्यात उतरलं त्याला सव्वाशेच्या वर वर्षं झाली. पुढे राजकारणाच्या भाषणांनी 'दलाल' शब्दाची शिवी केली. पालकांची हरकत त्या शिवीला आहे.

माझी हरकत मात्र वेगळी आहे. शिवीचा वास काढून टाकला तरी हा शब्द बसत नाही. दलाल दोघांच्या मधे असतो. सौदा जुळवणं हे त्याचं काम, आणि तो दोन्हीकडून दलाली घेऊ शकतो. भाव किती ठरला यापेक्षा सौदा झाला की नाही याची त्याला जास्त चिंता. फुटबॉलपटूच्या एजंटानं असं मधे उभं राहायचं नसतं. त्यानं खेळाडूच्या बाजूला उभं राहायचं असतं. ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमार याच्या वतीनं बोलणी करण्यात त्याचे वडीलच पुढे असतात. 'नेमारचा दलाल' असं म्हणून पाहा, शब्द कुठे अडतो ते लगेच कळेल.

वर्तमानपत्रांना 'मध्यस्थ' आवडतो. तो सभ्य आहे, पण अडचण तीच. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन्ही घरांचा असतो, भांडण मिटवणारा मध्यस्थ कोणाचाच नसतो. जागतिक फुटबॉल महासंघानं, म्हणजे फिफानं, स्वतःच या शब्दांची अदलाबदल केली आहे. २०१५ पर्यंत त्यांच्या नियमात 'खेळाडूंचा एजंट' होता. १ एप्रिल २०१५ पासून जागतिक परवान्याची पद्धत मोडीत निघाली आणि नियमात 'मध्यस्थ' अशा अर्थाचा शब्द आला. मग जानेवारी २०२३ मध्ये नवे नियम आले. परवाना आणि त्यासाठीची परीक्षा परतली, आणि शब्द झाला 'फुटबॉल एजंट'. याच नियमांत असंही होतं की खेळाडू आणि त्याला घेणारा क्लब या दोघांची लेखी संमती असेल तर एकच एजंट दोघांचं काम करू शकतो, पण खेळाडू सोडणाऱ्या क्लबचं काम करणाऱ्याला तोच सौदा दुसऱ्या बाजूनं करता येणार नाही. फीच्या कमाल मर्यादेसह अशा काही तरतुदींवर युरोपातल्या न्यायालयांत वाद गेले आणि ३० डिसेंबर २०२३ ला फिफानं त्या स्थगित केल्या. भांडणात 'कोणाचा माणूस' हाही प्रश्न आहे, हे यातून दिसतं.

मग आपल्या बाजारातला दुसरा शब्द घेऊ: अडत्या. हा दलालापेक्षा पुष्कळ जवळचा. कास्तकार माल अडत्याच्या दुकानी आणतो, अडत्या त्याच्या वतीनं विकतो आणि अडत घेतो. निदान नावापुरता तरी तो विकणाऱ्याच्या बाजूचा. अडत कोणी द्यायची हा वादही दोन्हीकडे सारखाच. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. फुटबॉलमध्येही खेळाडूच्या एजंटाचे पैसे पुष्कळदा क्लबच भरतो, आणि पैसे एकाचे, काम दुसऱ्याचं झालं की निष्ठा कुठे वळेल ही शंका येतेच. तरीही 'अडत्या' घेता येत नाही. अडत्याला माल लागतो. इथे माल कोणता? खेळाडू स्वतः बोलतो, नकार देतो, सही करतो. कापसाच्या गाठीनं 'मला या जिनिंगमध्ये जायचं नाही' असं कधी म्हटलेलं नाही.

तिसरा शब्द हेडी. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे हेडी ज्यांनी पाहिलेत त्यांना हा आठवेलच. हेडी स्वतः जनावर घेतो आणि पुढे नफ्यानं विकतो. फुटबॉलच्या एजंटाला हेडी म्हणणं साफ चूक आहे. पण याच खेळात एक प्रकार असा होता की त्याला हेडीपणाच म्हणावं लागेल. एखादी गुंतवणूक कंपनी तरुण खेळाडूच्या पुढच्या सौद्याच्या रकमेतला हिस्सा आधीच विकत घेऊन ठेवायची. मग तो खेळाडू जितका महाग जाईल आणि जितक्या वेळा जाईल तितका तिचा फायदा. अर्जेंटिनाचे कार्लोस तेवेझ आणि हावियर मास्चेरानो २००६ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडे आले ते असे. त्यांच्या हक्कांत बाहेरच्या कंपन्या होत्या, आणि ते व्यवहार नीट उघड केले नाहीत म्हणून २००७ मध्ये त्या क्लबला ५५ लाख पौंडांचा दंड बसला. १ मे २०१५ पासून फिफानं ही त्रयस्थ मालकी जगभर बंद केली. माणसाच्या भावी कष्टांत वाटा विकत घेणं हा मला या सगळ्या धंद्यातला सर्वांत काळा भाग वाटतो. मुलांनी त्याबद्दल लिहिलं तर तिथे 'हेडी' शब्द बेलाशक वापरावा.

उरला 'एजंट'. गावोगावी तो रुळलेला आहे. एलआयसीचा एजंट, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा एजंट, आरटीओतला एजंट. कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण यातला एलआयसीचा एजंट कंपनीचा असतो. आपल्या ओसरीवर बसतो, आपला चहा घेतो, वागायला घरच्यासारखा असतो, तरी कमिशन कंपनी देते. म्हणून खेड्यातल्या वाचकाच्या मनात 'एजंट' म्हणजे समोरच्या पक्षाकडून आलेला माणूस. फुटबॉलमध्ये तसं नाही, किंवा नेहमीच तसं नाही. म्हणून माझा आग्रह षष्ठीचा आहे. नुसतं 'एजंट' कधीही लिहू नये. 'खेळाडूचा एजंट', 'घेणाऱ्या क्लबचा एजंट', 'सोडणाऱ्या क्लबचा एजंट' असं लिहावं. त्या एका 'चा'नं निम्मी बातमी कळते.

हे व्याकरणापुरतं नाही. नागपूर-कामठीच्या मैदानावर पोहोचलेल्या खेड्यातल्या एखाद्या पोराच्या घरी उद्या 'मी एजंट आहे' म्हणत कोणी आलं, तर बापाचा पहिला प्रश्न 'कोणाचा?' हाच असला पाहिजे, आणि दुसरा 'फिफाचा परवाना दाखवा' हा. खेळाडूशी केलेला एजंटाचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि तो लेखी लागतो. पोरगा अल्पवयीन असेल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय काही करता येत नाही. एजंटाची फी, ती कोणीही भरो, खेळाडूला मिळणाऱ्या पैशांवर मोजली जाते. ट्रायलला बसवून देतो म्हणत आधीच घरून रोकड मागणारा माणूस या व्याख्येत बसत नाही, त्याला दुसरे शब्द आहेत.

आता 'विकला'. आयपीएलच्या लिलावानं आपल्या मराठीला ही सवय लावली. तिथे खरोखर बोली लागते, हातोडा पडतो, म्हणून 'विकला गेला' निदान त्या दृश्याला धरून आहे. ('लिलाव' पोर्तुगिजांकडून आला, जाता जाता.) फुटबॉलमध्ये लिलाव नसतो. खेळाडूचा क्लबशी मुदतीचा करार असतो. मुदत संपायच्या आत दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर करार सोडण्याबद्दल पहिल्या क्लबला रक्कम द्यावी लागते. ती रक्कम कराराची. खेळाडूचा पगार वेगळा ठरतो आणि त्याच्या होकाराशिवाय काहीच होत नाही. नेमार ऑगस्ट २०१७ मध्ये स्पेनचा बार्सिलोना क्लब सोडून पॅरिसच्या क्लबकडे गेला तेव्हा २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले. 'बार्सिलोनाने नेमार विकला' असं तेव्हा सर्रास छापून आलं. बार्सिलोनाला त्याला सोडायचंच नव्हतं! स्पेनच्या १९८५ च्या नियमाप्रमाणे ठरलेली रक्कम भरून खेळाडूला करारातून मोकळं होता येतं, आणि ती रक्कम त्याच्या वतीनं भरली गेली. विकणाऱ्याची इच्छाच नसेल तर ती विक्री कसली? याला मी 'सुटकेची रक्कम' म्हणेन. मुदत संपवून जाणाऱ्याच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. किलियन एम्बापे २०२४ मध्ये पॅरिसहून रेआल माद्रिदला गेला तो करार संपल्यावर, पॅरिसच्या क्लबला ट्रान्सफरची रक्कम मिळाली नाही.

आज साधा वाटणारा हा हक्क सहज मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. करार संपला तरी क्लब खेळाडूला 'राखून' ठेवू शकत असे, दुसरीकडे जाऊ देत नसे. न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये हे राखून ठेवणं गैरवाजवी ठरलं. बेल्जियमच्या झाँ-मार्क बोस्मानचा करार १९९० मध्ये संपला, तरी त्याच्या लिएज क्लबनं फ्रान्सच्या क्लबकडे पैसे मागितले आणि त्याचं जाणं अडलं. युरोपीय न्यायालयाचा निकाल आला १५ डिसेंबर १९९५ ला: करार संपला की युरोपीय संघातल्या खेळाडूला संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाताना रक्कम मागता येणार नाही. बोस्मानची स्वतःची कारकीर्द त्या पाच वर्षांत संपल्यात जमा झाली. पुढच्यांच्या पगारवाढीत त्याचा मोठा वाटा आहे, आणि त्याचं नाव मुलांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

इथेच 'फुटला'चा निकाल लागतो. आपल्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल संपतं. रोख आणि धान्य किती यावर नवं साल ठरतं. पटलं नाही तर गडी दुसऱ्या घरी लागतो. 'गडी सुटला', 'गडी लागला', 'साल धरलं' हे आपले शब्द, आणि मध्येच सोडून गेला तर 'साल मोडलं'. पाडव्यानंतर जास्त पैशांवर दुसरीकडे लागलेल्याला कोणी 'फुटला' म्हणत नाही. फुटतो तो बांधलेल्या निष्ठेतून फुटतो: भाऊबंदकीत, राजकारणात, लढाईत. लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोनाहून कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदकडे गेला तेव्हा बार्सिलोनाचे चाहते त्याला 'पेसेतेरो' म्हणून ओरडले. पेसेता हे स्पेनचं तेव्हाचं नाणं, त्यावरून हा शब्द: पैशाला हपापलेला. नोव्हेंबर २००२ च्या सामन्यात तर मैदानावर डुकराचं मुंडकं येऊन पडलं. चाहत्यांचं दुःख मी समजू शकतो. पण बातमी लिहिणाऱ्यानं चाहत्याची शिवी उचलायची नसते. पगार वाढतो म्हणून नोकरी बदलणाऱ्या शिक्षकाला, इंजिनियरला आपण फुटीर म्हणत नाही. फुटबॉलपटूची तर कमाईची वर्षं मोजकी, आणि एका दुखापतीनं तीही जाऊ शकतात.

'बदली'चं म्हणाल तर तो सरकारी शब्द आहे. बदली वरून होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मी हे सांगायला नको. शिवाय मराठीत 'बदली खेळाडू' म्हणजे सामन्यात दुसऱ्याच्या जागी उतरणारा, त्यामुळे घोटाळा ठरलेला. 'हस्तांतरण' सातबाऱ्यावर शोभतं. बंगालीत यासाठी 'दलबदल' म्हणतात आणि कोलकात्याच्या मैदानांवर तो शब्द वर्षानुवर्षं सुखानं नांदतो आहे, पण आपल्याकडे 'दलबदलू'नं त्याची वाट लावली. साधं 'क्लब बदलला' पुरेसं आहे. नाम हवंच असेल तर 'क्लबबदल'.

तेव्हा सरांनी भित्तिपत्रकावर असं लिहून घ्यावं: 'खेळाडूच्या एजंटाने जास्त पगार मागितला', 'क्लबने रक्कम घेऊन खेळाडूला करारातून सोडले', 'जास्त पगार मिळाल्याने खेळाडूने क्लब बदलला'.

एक शब्द अजून सुचवतो. करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जातो तेव्हा जी रक्कम दिली जाते, तिच्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. लहान क्लबांना याचा मोठा आधार. इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर 'एकता योगदान' असं होतं आणि त्यातून काहीच कळत नाही. सोनाराकडची 'घडणावळ' मला इथे चपखल वाटते. कामठीत फुटबॉल जुना आहे. तिथल्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी या सगळ्याला वेगळे शब्द असतील तर ते मला हवे आहेत, कोणी कळवले तर पुढच्या उत्तरात घेईन.