'शी मे बी माय सिस्टर, बट...' यातला 'मे' म्हणजे 'कदाचित' का नाही?

तुमचे दोन प्रश्न आहेत. एक, "शी मे बी माय सिस्टर, बट आय वोन्ट लाय फॉर हर" या वाक्यात 'मे' कशाला, बहीण आहे तर आहे, त्यात 'कदाचित' कुठून आलं. आणि दुसरा, "ऑल्दो ही मे बी न्यू, बट ही इज हार्डवर्किंग" हे तुमच्या सरांनी लाल पेनाने का कापलं. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते आणि मला हे दोन्ही प्रश्न मनापासून आवडले, कारण शाळेत 'मे म्हणजे शक्यता आणि परवानगी' एवढं पाठ करून घेतात आणि पुढे जातात, पण बोलताना-लिहिताना तिसराच 'मे' सारखा समोर येतो.

हा तिसरा 'मे' म्हणजे मान्य करण्याचा. समोरचा जे म्हणेल किंवा म्हणू शकेल ते आपण आधीच देऊन टाकतो आणि लगेच 'बट' म्हणून खरा मुद्दा मांडतो. पहिला भाग खरा आहे की नाही ही शंकाच नाहीये तिथे. आणि मराठीत आपण हे रोज करतो हो! "असेल तो मोठा साहेब, माझ्याशी नीट बोलायचं." तो साहेब आहे हे सगळ्या ऑफिसला माहितीये, तरी आपण 'आहे' म्हणत नाही, 'असेल' म्हणतो. "असशील तू हुशार, पण म्हणून काय झालं." रूप भविष्यकाळाचं, पण भविष्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तर इंग्रजी वाक्यात 'मे' दिसला की तिथे 'असेल' सुरुवातीलाच ठेवून वाचा, "असेल ती माझी बहीण, पण तिच्यासाठी मी खोटं बोलणार नाही", बसलं ना बरोबर? मग तो हाच 'मे'.

बोलताना हे आवाजावरूनही कळतं. 'मे'वर किंवा त्याच्या पुढच्या शब्दावर जोर येतो, सूर खाली जाऊन परत थोडा वर येतो, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की वाक्य अजून बाकी आहे. कागदावर तो सूर नसतो, म्हणून 'बट' हवाच. "ही मे बी रिच." एवढंच लिहून फुलस्टॉप दिलात तर साधारणपणे 'कदाचित श्रीमंत असेल' असाच अर्थ निघणार.

इथे 'कॅन' चालत नाही हे मात्र नीट लक्षात ठेवा. हल्ली मराठीत "तो श्रीमंत असू शकतो, पण..." असं सर्रास बोलतात आणि मुलं तेच उचलून 'ही कॅन बी रिच, बट' लिहितात. "ही कॅन बी रूड, बट..." हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ तो कधीकधी उद्धट वागतो असा होतो, तिथे 'मे'चं काम होत नाही. 'माइट' चालतो, जरा मऊ वाटतो: "इट माइट बी एक्स्पेन्सिव्ह, बट इट लास्ट्स." भूतकाळातली गोष्ट मान्य करायची असेल तर 'मे हॅव': "ही मे हॅव बीन अ ग्रेट प्लेअर, बट ही इज अ पुअर कोच." तो मोठा खेळाडू होता यात कुणालाच शंका नाही, तरी 'मे हॅव'. आणि लिहिताना 'मे' आणि 'बी' सुटे, कारण जोडून लिहिलं की तो वेगळाच शब्द होतो, कदाचितवाला.

आता तुमचं कापलेलं वाक्य. मराठीत 'जरी' आलं की 'तरी' यावंच लागतं, ते कानात इतकं मुरलेलं असतं की 'ऑल्दो' लिहिलं की हात आपोआप 'बट' लिहितो. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो. "ऑल्दो ही मे बी न्यू, ही इज हार्डवर्किंग", नाहीतर "ही मे बी न्यू, बट ही इज हार्डवर्किंग". सरांनी बरोबरच कापलंय. 'दो' (म्हणजे 'ऑल्दो'चाच छोटा भाऊ) बरोबर 'येट' ही जोडी मात्र जुनी आणि खरी आहे, 1611 च्या किंग जेम्स बायबलात ती सापडते आणि आपल्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकांत अजून टिकून आहे. परीक्षेत चालेल, रोजच्या लिहिण्यात फार जड वाटते.

पुढचा प्रकार 'कितीही', 'काहीही'चा. "हाउएव्हर हार्ड ही मे ट्राय" आणि "हाउएव्हर हार्ड ही ट्राइज" दोन्ही बरोबर, 'मे' घातला की भाषा जरा भारदस्त होते एवढंच. मराठीतलं 'कोणी का असेना' म्हणजे बरोब्बर 'हूएव्हर ही मे बी'. चुका कुठे होतात सांगू? आपण म्हणतो "काहीही झालं तरी मी येईन". 'झालं' हे भूतकाळी रूप, म्हणून मुलं 'व्हॉटएव्हर हॅपन्ड, आय विल कम' लिहितात, आणि कुणी जरा जास्त विचार केला की येणं पुढे आहे म्हणून 'व्हॉटएव्हर विल हॅपन' लिहितो. दोन्ही चूक. "व्हॉटएव्हर हॅपन्स" लिहा किंवा "व्हॉटएव्हर मे हॅपन", 'विल' फक्त पुढच्या भागात, 'आय विल कम' मध्ये.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे उलट्या क्रमाचा. "ट्राय ॲज आय माइट, आय कान्ट रिमेंबर हिज नेम", कितीही आठवलं तरी नाव आठवत नाही. क्रियापद पहिलं, मग 'ॲज', मग कर्ता, मग 'माइट'. गोष्ट आत्ताची असली तरी इथे 'माइट'च जास्त ऐकू येतो, त्याला भूतकाळ समजू नका. विशेषणाचंही तसंच, "स्ट्रेंज ॲज इट मे साउंड" किंवा "स्ट्रेंज दो इट मे साउंड", पण "स्ट्रेंज ऑल्दो" कधीच नाही, 'ऑल्दो'ला ही जागाच मिळत नाही. अमेरिकन लोक पुढे अजून एक 'ॲज' लावतात, 'ॲज स्ट्रेंज ॲज इट मे साउंड', ते बघून गोंधळू नका. मेलमध्ये नाही म्हणायचं असेल तर "मच ॲज आय वुड लाइक टु हेल्प" पाठच करून ठेवा, मदत करायची फार इच्छा आहे पण जमत नाहीये हे इतक्या थोडक्यात आणि सभ्यपणे दुसरं काही सांगत नाही.

'कम व्हॉट मे' आणि 'बी दॅट ॲज इट मे' हे तयार साचे आहेत, त्यातला एक शब्द हलवायचा नाही. यातला 'बी' विचित्र दिसतो कारण तो जुना आहे, पूर्वी इंग्रजीत 'दो ही बी पुअर' असं सरळ 'बी' लावूनच म्हणायचे, पुढे तिथे बऱ्याच ठिकाणी 'मे बी' आलं, पण असे काही साचे तसेच राहून गेले. आणि आपल्याला तर तो परका वाटायचं कारणच नाही, 'ते असो' म्हणून आपण विषय पुढे नेतो ना, त्यातला 'असो' आणि हा 'बी' एकाच कामाचे. 'काहीही होवो' म्हणजे 'कम व्हॉट मे'.

एक गोष्ट वापराची, कारण तुम्ही ऑफिसच्या मेलचा उल्लेख केलाय. "यू मे बी राइट, बट..." हे सौम्य आहे, मीटिंगमध्ये खुशाल वापरा. "आय मे नॉट बी ॲन एक्स्पर्ट, बट..." हेही छान, स्वतःबद्दल आहे. पण "यू मे बी माय सीनियर, बट..." असं वरच्या माणसाला लिहू नका, व्याकरण अगदी बिनचूक असलं तरी ते 'असाल तुम्ही सीनियर' असंच ऐकू जातं. तिथे सरळ "आय अंडरस्टँड युअर पॉइंट, बट" लिहा.