आजीच्या हातातली मुद्रा

चि. सानू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजी सकाळी गॅलरीत बोटं जुळवून बसते, तेव्हा ती काय करते? खालचे काका म्हणतात, त्यानं गुडघे बरे होतात. आजी म्हणते, मन जागेवर बसतं. खरं कुणाचं?" तेवढ्यात तिकडे पुण्यात कुकरची शिट्टी झाली, आजीनं तुला पानं घ्यायला बोलावलं आणि प्रश्न तसाच राहिला. मला तो घाईघाईत उरकायचा नव्हता, म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर आजीला विचार.

आजीच्या मांडीवरचा हात तू बघितलास, पण तिचा हात दिवसभर काय काय करतो तेही बघ. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी ती दोन्ही तळवे डोळ्यांसमोर धरते आणि "कराग्रे वसते लक्ष्मी" म्हणते. देवाला गंध लावते ते अनामिकेनं, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटानं. जपमाळ ओढते ती मधल्या बोटावर घेऊन अंगठ्यानं, आणि तेव्हा अंगठ्याशेजारचं बोट मण्यांना लागूही देत नाही. आत्ता श्रावण आहे, त्यामुळे नैवेद्य रोज तुझ्यासमोरच होत असेल. ताटाखाली पाण्याचा चौकोन काढते, तुळशीचं पान ठेवते आणि "प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा" म्हणत पाच वेळा हात ताटाकडून देवाकडे नेते. माझ्या लहानपणी आमच्या गुरुजींनी नैवेद्यावर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून गाईच्या आचळांसारखी खाली धरलेली मी पाहिली होती. ती धेनुमुद्रा. मला ते इतकं आवडलं होतं की दिवसभर मी तशीच बोटं करून भिंतीवर सावल्या पाडत बसले होते.

आपल्या घरांमध्ये देवाशी बोलणं तोंडानं होतं तितकंच हातानंही होतं. आजी मुद्रा शिकायला कुठे गेली नाही, ती या हातांमध्येच वाढली. पुढे काही वर्षं ती मॉडेल कॉलनीतल्या योगगुरू अय्यंगारांच्या संस्थेत आसनं शिकायला जायची, पण तिथेही वर्गाची सुरुवात हात जोडूनच व्हायची.

आता ती मांडीवरची मुद्रा. अंगठा आणि तर्जनी यांची टोकं टेकलेली, बाकीची तीन बोटं सैल आणि सरळ. हिला ज्ञानमुद्रा म्हणतात, चिन्मुद्राही म्हणतात. हाताचे तळवे वर ठेवायचे की खाली यावरून कुणी या दोन नावांत फरक करतात. तर्जनी हा शब्द 'तर्ज्' या धातूवरून आला, त्याचा अर्थ धाक दाखवणं. 'थांब, बघतेच तुला' म्हणताना मी जे बोट उगारते ते हेच. दुसऱ्याकडे रोखलं जाणारं, 'मी' म्हणणारं बोट. जपमाळेला ते का लावत नाहीत याचं हेच कारण आजीनं मला सांगितलं होतं. आणि ज्ञानमुद्रेत तेच बोट वाकून अंगठ्याला टेकतं. बी. के. एस. अय्यंगारांनी तर्जनी म्हणजे जीवात्मा आणि अंगठा म्हणजे परमात्मा असा अर्थ लिहून ठेवलाय. ते १९३७ साली, एकोणिसाव्या वर्षाच्या आत-बाहेर, पुण्यात योग शिकवायला आले आणि २०१४ साली गेले तोवर पुण्याचेच होऊन राहिले. तू अजून जीवात्मा-परमात्म्यात शिरू नकोस. उगारलेलं बोट वाकलं, एवढं लक्षात ठेवलंस तरी या मुद्रेचं बरंचसं तुला कळलं.

मुद्रा हा शब्द तुला आधीपासून माहीत आहे. लाल महालात आपण गेलो होतो तेव्हा बाबांनी तुला राजमुद्रेबद्दल सांगितलं होतं, आठवतं? "प्रतिपच्चंद्रलेखेव" ही महाराजांची मुद्रा पत्राच्या माथ्यावर असायची आणि शेवटी "मर्यादेयं विराजते" हा छोटा शिक्का. तो उमटला की पत्र संपलं, त्याखाली कुणी काही घुसडायचं नाही. मुद्रा म्हणजे शिक्का, मोहोर. नाणं म्हणजेही मुद्रा, छापलेलं ते मुद्रित, आणि चेहऱ्यावरचा भाव तीही मुद्राच. योगातल्या मुद्रेत हाच अर्थ आहे असं मला वाटतं. आतलं बाहेर सांडू नये म्हणून लावलेली मोहोर.

म्हणूनच जुन्या हठयोगाच्या ग्रंथांत मुद्रा बोटांपुरती नसते, सगळ्या शरीराची असते. हठयोगप्रदीपिकेच्या तिसऱ्या प्रकरणात दहा मुद्रा आहेत. महामुद्रेत एक पाय लांब करून, दुसऱ्या पायाची टाच शरीराशी घट्ट लावून, हनुवटी गळ्याशी टेकवून बसायचं. उड्डियानात पोट आत-वर ओढायचं. विपरीतकरणीत पाय वर आणि डोकं खाली. खेचरीत जीभ उलटी वळवून टाळूच्या मागे न्यायची, ती तू चुकूनसुद्धा करून बघायची नाहीस. घेरंडसंहितेत अशा पंचवीस मुद्रा आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र हाताच्या मुद्रांबद्दल एक शब्द नाही. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध आणि कुंडलिनी, म्हणजे शरीरात निजलेली मानतात ती शक्ती, यांचं वर्णन केलंय ते मराठीत. आळंदीहून निघालेली पालखी दरवर्षी पुण्यात मुक्कामाला येते ती त्यांचीच.

आता काकांचं. त्यांच्याकडे जो तक्ता आहे त्यात पाच बोटं म्हणजे पंचमहाभूतं असतात. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. तर्जनी वाकवून अंगठ्याच्या मुळाशी दाबली की वायूमुद्रा, ती सांध्यांच्या दुखण्यावर. मधलं बोट तसंच दाबलं की शून्यमुद्रा, ती कानासाठी. अनामिका दाबली की सूर्यमुद्रा, वजन उतरायला. काका हे मनापासून करतात आणि ते करताना त्यांना बरं वाटतं, ते खोटं नाही. पण हठयोगप्रदीपिका आणि घेरंडसंहिता या दोन्ही ग्रंथांत हा आजारांचा तक्ता नाही. बोट दाबल्यानं गुडघ्याची झीज भरून येते असं मी तुला सांगणार नाही, कारण ते मला खरं वाटत नाही. मुद्रा करून कुणी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी सोडली असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आजी मुद्रा करून उठते आणि चहाबरोबर ब्लडप्रेशरची गोळी घेते, थायरॉइडची तर त्याआधीच उपाशीपोटी झालेली असते. दोन्हीतलं काही ती चुकवत नाही. तूही ते बघ आणि एखाद्या दिवशी विसरली तर आठवण कर.

मग शरीराला काहीच होत नाही का? होतं. पुण्याहून लोकलनं लोणावळ्याला गेलीस तर तिथे कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी ते १९२४ साली सुरू केलं. ते आपल्यातलेच, आडनाव गुणे. शाळेत शिकवायचे, आणि योगानं शरीरात नेमकं काय घडतं ते मोजून बघायचं त्यांनी मनावर घेतलं. उड्डियान आणि नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळणं, हे करताना पोटातला दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्रानं मोजलं, एक्स-रे काढले. शंभर वर्षांपूर्वी! श्रद्धा असलेल्या माणसानं असं मोजून बघावं, याचा मला फार अभिमान वाटतो.

बोटांच्या मुद्रेचं म्हणशील तर मला कळलेलं असं. आपल्या मेंदूत स्पर्श कळण्यासाठी जी पट्टी आहे तिच्यात हाताला आणि बोटांना फार मोठी जागा आहे, अख्ख्या पाठीपेक्षाही मोठी. त्यामुळे बोटांची टोकं हलकेच टेकवून तिथे लक्ष ठेवलं की लक्षाला धरायला काहीतरी मिळतं. त्याच वेळी पाठ सरळ असते, खांदे खाली येतात, श्वास सावकाश होतो. सावकाश श्वासानं छातीतली धडधड निवते. यात बोटांचा वाटा किती आणि श्वासाचा किती हे मला वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही वाटत नाही.

हे मी नुसतं वाचून लिहीत नाहीये. म्युनिकला आलो तेव्हाच्या पहिल्या हिवाळ्यात मला झोपच येईनाशी झाली होती. तू सहा महिन्यांची होतीस, साडेचारलाच अंधार पडायला लागायचा, बाबा उशिरा यायचे. एकदा रात्री अडीच वाजता मी पुण्याला फोन लावला. तिकडे सात वाजले होते आणि आजी नुकतीच गॅलरीतून उठली होती. मी रडत होते. तिनं काय झालं वगैरे विचारलंच नाही. म्हणाली, "पडल्या पडल्या अंगठा आणि तर्जनी टेकव. दाबू नकोस. मध्ये कागद राहील इतपत. सुटली की परत टेकव. दुसरं काही करू नकोस." मी तसं केलं. बोटं सुटायची, कारण मन घराच्या हप्त्यांकडे, नोकरीकडे कुठेतरी गेलेलं असायचं. मग परत टेकवायची. किती वेळा ते मोजलं नाही. सकाळी तुझ्या रडण्यानं जाग आली तेव्हा माझा हात उघडा पडला होता.

तेव्हा मला त्या मुद्रेचं काम कळलं. ती पहारा करते. मन निसटलं किंवा डुलकी लागली की बोटं सैल होतात, आणि बसलेल्या माणसाला कळतं की आपण इथे नव्हतो. आजी म्हणते, "मन जागेवर बसतं." आजीचं खरं. काकांना बरं वाटतं तेही बहुधा याचमुळे, कारण पंधरा मिनिटं ते टीव्ही आणि मोबाइल बंद करून एका जागी शांत बसतात.

आणि त्याच रात्री तुझ्या पाळण्यात बघितलं तर तुझी मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली होती. आजीला सांगितलं तर म्हणाली, "अगं, ती आदिमुद्रा. शिकवावी लागत नाही."

तुला करून बघायची असेल तर दोन सांगते. एक षण्मुखी. अंगठ्यांनी कान बंद करायचे, पुढची दोन बोटं मिटलेल्या पापण्यांवर अलगद, अनामिका नाकाच्या बाजूला, करंगळ्या ओठांच्या कडेला. नाक दाबायचं नाही, डोळे तर मुळीच दाबायचे नाहीत. मग भुंग्यासारखं गुणगुणायचं. बाहेर पागोळ्यांचा आवाज असेल तोही बंद होईल आणि डोकं आतून घुमेल. तीन-चार वेळा पुरे. श्वास कोंडायचा नाही, ते मोठ्या माणसांनी गुरूसमोर बसून शिकायचं असतं.

दुसरी आजीचीच. उद्या सहाला उठ, तिच्याशेजारी चटईवर बस, तिला काही विचारू नकोस. अंगठा-तर्जनी टेकव आणि दहा मिनिटं किती वेळा सुटतात ते बघ. रविवारी फोन करशील तेव्हा मला आकडा सांग. मीही इथे मोजून ठेवते.

तुझी,
आई